भाऊबीजेचं घर

मंगळवार संध्याकाळ, बरकतपुरा

काही वर्षांपूर्वी माधवने भाऊबीजेला त्याच्या कॅनडातल्या घरावर माझंही नाव घातलं. ‘परदेशात मालमत्ता आहे का?’ या आयकर विवरणपत्रातल्या रकान्यात मी मात्र दरवर्षी ‘नाही’ लिहिलं. ओवाळणीला मालमत्ता कोण म्हणतं?

आज सीए म्हणाले, “मॅडम, नाम आपका है ना? फिर लिखना पडता. दंड भी लग सकता.”

“मला खरंच ठाऊक नव्हतं,” मी म्हणाले. ते आयकर खात्याला तसंच कळवणार आहेत.

घरी येऊन माधवला फोन केला. तो हसला. “ताई, परदेशी मालक म्हणून तुझा फॉर्म मी इथे दरवर्षी भरतो की! सही तुझीच असते. वाचत नाहीस?”

नाही वाचत. भाऊ पाठवतो, मी सही करते. पण तिकडे मालकीण म्हणून सह्या आणि इकडे ‘नाही’; मग ‘ठाऊक नव्हतं’ हे कोणाला पटेल? मला तरी पटतंय का?

उद्या सीएंना त्या सह्या दाखवते. मग दंड होवो.