नदीत गेलेल्या कब्रस्तानाची मोजणी

दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, निंभारी,
जि. अमरावती.

विषय : मौजे सोनगव्हाण घाट येथील कब्रस्तानाची (गट क्र. ११२) चुकीची मोजणी रद्द करून ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीतून वीस गुंठे पर्यायी जागा मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आमचा अर्ज दि. १४ ऑक्टोबर २०२४.
२) आपले नामंजुरीचे पत्र दि. २१ एप्रिल २०२५.

अर्जदार : शेख सरफराज शेख हुसेन, वय ५३, धंदा शेती, रा. सोनगव्हाण घाट. कब्रस्तानाची देखरेख तीन पिढ्यांपासून आमच्या घराकडे आहे.

महोदय,

१) आपल्या पत्रात एकच वाक्य आहे : "सदर गटाचे क्षेत्र मोजणीअंती पूर्ण आढळल्याने पर्यायी जागेची मागणी नामंजूर." हे पत्र मी कब्रस्तानात उभा राहून वाचले. अभिलेखाप्रमाणे पूर्वेच्या धुऱ्यापासून (बांधापासून) नदीपर्यंत चौसष्ट मीटर जमीन आहे. धुरा जागचा हललेला नाही. तिथून टेप धरली तर तेवीस मीटरवर काठ संपतो आणि तीस फूट खाली पूर्णा वाहते. उरलेल्या तेवीस मीटरांत जुन्या कबरी आहेत. नवीन कबरीला जागा नाही.

२) नदी जमीन कशी नेते हे मागील अर्जात लिहिले होते. ते कोणी वाचलेले दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहितो. आमच्या गावाशी नदी वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे आमच्याकडे, पाण्याचा मार बसतो. आतल्या अंगाला पाणी मंदावते व गाळ टाकते. आमच्या काठाला वर काळी माती आणि खाली भुसभुशीत पिवळा गाळ आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर खालचा गाळ पोखरतो. पण पाणी काठाला टेकून असते तोवर काठ उभा राहतो. पाणी उतरले की तो आधार जातो आणि भिजलेली माती आपल्याच वजनाने भेगेवर सुटून खाली बसते. हे पूर ओसरल्यावर चार-आठ दिवसांनी घडते. आपले पथक पुराच्या दुसऱ्या दिवशी येते. "पुरामुळे हानी नाही" असा पंचनामा तीन वेळा झाला आणि तिन्ही वेळा आम्ही त्यावर सह्या केल्या, कारण त्या दिवशी ते खरे होते.

३) नुकसानीच्या फॉर्मात घटनेची एकच तारीख मागतात. ही हानी सात पावसाळ्यांची आहे असे सांगितल्यावर आपल्या लिपिकांनी दिलेले उत्तर शब्दशः असे : "नदी हयूहयू सरकते हे आमालेबी कयते. पन हयूहयूचा रकाना नाही फॉर्मात." गेलेली माती समोरच्या काठाला लागली आहे व तिथे लोक टरबूज लावतात, हे सांगितले तेव्हा "ते आता अकोल्यात गेलं, अकोल्याले अर्ज करा" असे सांगण्यात आले. मी तोही केला. तिकडच्या कार्यालयाने नकाशा दाखवून ती जागा अमरावतीतच असल्याचे कळवले.

४) दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पूर ओसरून सहा दिवस झाल्यावर, सात कबरी एकदम खाली गेल्या. त्यात माझ्या आईची, नईमाबी यांची, कबर होती. सापडली तेवढी हाडे आम्ही चादरीत घेऊन धुऱ्याजवळच्या अखेरच्या मोकळ्या जागेत पुन्हा दफन केली. माझे वडील शेख हुसेन, वय ८६, फेब्रुवारीपासून अंथरुणावर आहेत. आईशेजारी त्यांनी स्वतःसाठी राखलेली जागाही त्याच दिवशी गेली. गावात आज त्यांच्यासाठी कुठेही जागा नाही. हे त्यांना ठाऊक आहे. ते मला रोज विचारतात, "तहसीलचं काय झालं?"

५) आता क्षेत्र "पूर्ण" कसे निघाले ते सांगतो. आपल्या मोजणीदारांनी धुऱ्यापासून मोजले नाही. त्यांनी नदीकडचा सरकारी हद्दीचा दगड शोधला आणि तिथून पूर्वेला चौसष्ट मीटर मोजले. तो दगड मूळ जागी नाही. सन २०१७ च्या ग्रामसभेत तत्कालीन तलाठ्यांनी "दगड नदीत गेला तर जबाबदारी गावावर येईल" अशी ताकीद दिली होती. त्या धाकाने २०१८ पासून दर वर्षी, आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) पहिल्या जुम्म्याला, आम्ही तो दगड उपटून काठापासून मागे रोवत आलो. सात वर्षांत तो एक्केचाळीस मीटर मागे आला. सरकारी वस्तू जपतो आहोत अशी आमची समजूत होती. ही चूक आमची आहे आणि मी ती लेखी कबूल करतो. हद्दीचा दगड हलवणे गुन्हा असल्यास माझ्यावर दाखल करावा.

६) या मोजणीमुळे धुऱ्यापलीकडच्या नत्थुजी गावंडे यांचे एक्केचाळीस मीटर वावर कब्रस्तानात दाखवले गेले व कब्रस्तानात कपाशी पेरल्याची नोटीस त्यांना बजावली गेली. दर वर्षी दगडाचे एक टोक नत्थुजींनीच धरले आहे. ते म्हणाले, "दगड म्या उचलला, सरफराज. आता त्याच दगडानं मले माह्याच वावरात चोर केलं." आपल्या कार्यालयातून मला तोंडी सल्ला मिळाला की जागा आता कागदोपत्री तुमची आहे, तिथेच दफन करा. हा सल्ला देणाऱ्याला एका वाक्यात गावात दोन तट पाडायचे होते की केवळ फाइल बंद करायची होती, हे मला माहीत नाही. ती जमीन आमची नाही. वडिलांना मी दुसऱ्याच्या वावरात पुरणार नाही, आणि तसे त्यांनी मला बजावलेही आहे.

७) सबब, धुऱ्यापासून फेरमोजणी करावी, नत्थुजींची नोटीस मागे घ्यावी आणि गट क्र. १४० या ई-क्लासमधून वीस गुंठे पावसाळ्यापूर्वी द्यावेत. दगड सध्या अगदी काठाच्या कडेवर आहे. यंदाचा जुम्मा होऊन गेला. आम्ही तो उचलला नाही आणि उचलणार नाही. पाऊस पडून पूर ओसरला की चार-आठ दिवसांत तो खाली जाईल. त्यानंतर आपल्या मोजणीदारांनी कुठून मोजायचे, हे आपण आताच ठरवून ठेवावे.

आपल्या प्रत्यक्ष पाहणीची वाट पाहणारा,

(सही)
शेख सरफराज शेख हुसेन

मी वरील मजकूर वाचून घेतला, खरा आहे. दगड मीही उचलला.
(सही) नत्थुजी गावंडे

सोबत : १) नामंजुरीच्या पत्राची प्रत. २) तीन पंचनाम्यांच्या प्रती. ३) दि. ३ ऑक्टोबर २०२४ ची छायाचित्रे. ४) शेख हुसेन यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र.