मामाजींची चिंच आणि माझी बँक

महाल, नागपूर
ता. ३ मे १९७८

तीर्थस्वरूप मामाजींच्या चरणी जावई मनोहरचा साष्टांग नमस्कार. (फरशी इतकी तापली आहे की आठांपैकी दोनच अंगे टेकवता आली. उरलेली सहा माझ्या नावे बाकी लिहून ठेवावी, पाऊस पडला की चुकती करीन.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीजींचा खोकला गेला का? गाभण गाय व्याली असेलच. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. शामला खुशाल आहे. तुमचा नातू, म्हणजे शामलाचा भाचा चंपत, ज्याला तुम्ही शिक्षणासाठी माझ्या हवाली केलेत, तो तर जरुरीपेक्षा जास्त खुशाल आहे. तुम्ही मार्चमध्ये पाठवलेली चिंच पोचली. या शेवटच्या वाक्याकडे मला पुन्हा यावे लागणार आहे, तेव्हा ते लक्षात असू द्यावे.

तुमच्याकडे मौद्याला आमच्या शाळेबद्दल काय काय बातम्या पोचल्या असतील कोण जाणे. मौद्याची एसटी बातम्या फार भरून नेते. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगतो. आमच्या मुख्याध्यापकांच्या, म्हणजे गणपतरावांच्या, खोलीत पुस्तकांचे एक कपाट आहे. आत गोष्टींची, प्रवासाची, राक्षस-राण्यांची चांगली दोनेकशे पुस्तके. कपाटाला कुलूप आणि किल्ली गणपतरावांच्या जानव्याला. आपल्या कारकिर्दीत एकही पुस्तक हरवले नाही याचा त्यांना फार अभिमान. (ते खरेही आहे. एकही पुस्तक उघडलेसुद्धा गेलेले नाही.) मी बरीच वर्षे त्यांच्या मागे लागलो होतो की हो, ही पोरे वाचतील, किल्ली द्या. ते म्हणत, पोरे वाचत नाहीत, फाडतात.

तेवढ्यात जानेवारीत सरकारने हजाराच्या नोटा रद्द केल्या. आमच्या गल्लीत हजाराची नोट कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तरी शोक सगळ्यांनी केला. वर्गात पोरे विचारू लागली की काल जो पैसा होता तो आज कागद कसा झाला, आणि कोणी ठरवले म्हणून. मामाजी, इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलांनी मला आपणहून प्रश्न विचारल्याची ही पहिलीच वेळ. मी हुरळून गेलो. पैसा कसा चालतो हे शिकवायचे आणि त्याच झटक्यात पुस्तके वाचायला लावायची, असा बेत मी त्या रात्रीत शिजवला. गणपतरावांना म्हणालो, या वर्षापुरती किल्ली द्या, एक पुस्तक जरी कमी झाले तरी माझ्या पगारातून कापा. पगारातून कापायचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि किल्ली माझ्या हाती आली.

बेत असा. मुलाने एक पुस्तक वाचायचे, माझ्यापुढे येऊन आपल्या शब्दांत सांगायचे आणि त्याबद्दल एक चिंचोका घ्यायचा. चिंचोका हे आमचे नाणे. वर्गाच्या कोपऱ्यात मी दुकान मांडले: पेन्सिल, खोडरबर, चिक्की, संत्री. माल चिंचोक्यांनाच मिळेल, नगदी पैसे चालणार नाहीत. (भांडवल कुठून आले, असा प्रश्न तुमच्यासारख्या व्यवहारी माणसाला पडेलच. उन्हाळ्यात भिजवून दाराखिडक्यांना लावायच्या खसच्या ताट्यांसाठी शामलाने डब्यात पैसे साठवले होते. फरशी का तापली आहे हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.) चिंचोकाच का? फुकट मिळतो, फुटत नाही, खाऊन संपत नाही आणि मोजायला सोपा. हे चारही गुण मी शामलाला हिशेब मांडून समजावले. ती काही बोलली नाही. तिला तशी पुस्तकांची गोडी नाही, चौथीनंतर तिने पुस्तक हाती धरलेले मी पाहिले नाही, तेव्हा या बाबतीत तिच्या मौनाकडे मीही लक्ष दिले नाही.

पहिला महिना फार सुखाचा गेला. पोरे मधल्या सुट्टीत वाचू लागली. एक मुलगा राक्षस मरेपर्यंत थांबला आणि घंटा चुकवून वर्गात आला, तेव्हा त्याला शिक्षा करताना माझा हात आपोआप हलका पडला. आणि मग मार्च उजाडला.

आता त्या वाक्याकडे येतो. तुमच्या विहिरीवरच्या झाडाची चिंच दरसाल आमच्याकडे पोत्याने येते आणि आमच्या अंगणात गल्लीतल्या साऱ्या बाया विळे घेऊन चिंच फोडायला बसतात. फोडणारीला चिंचेचा वाटा, वेचणाऱ्या पोरांना चिंचोके, ही आमच्या गल्लीची जुनी रीत. ही रीत मला माहीत नव्हती असे नाही. मी दरवर्षी तिथेच खाटेवर बसून चहा पितो. पण जो चिंचोका अंगणात पडतो तो आणि जो माझ्या बँकेत चालतो तो एकच, हे माझ्या डोक्यात, चहा पिऊन झाला तरी, आले नाही. सोमवारी पोरे शाळेत आली ती चालताना वाजत होती. सगळ्यांचे खिसे, दप्तरे, एकीची तर ओटीसुद्धा भरलेली. मधल्या सुट्टीपर्यंत दुकान साफ. मी संत्र्याचा भाव एकावरून पाचावर नेला, पाचावरून विसावर, तरी ती वीस मोजत होती आणि मी पाहत होतो. एका पोराने तर एका खोडरबरासाठी टोपी भरून चिंचोके ओतले आणि उरलेले तुम्हीच ठेवा म्हणाला. महागाई म्हणजे काय हे त्या दिवशी आमच्या वर्गाला समजले ते कुठल्या कॉलेजातही समजले नसते. पुस्तकाकडे मात्र कोणी ढुंकून पाहीना, आणि गणपतराव दारातून जाताना किल्लीसाठी हात पुढे करून दाखवू लागले.

मी सरकारचा कित्ता गिरवला. प्रार्थनेनंतर जाहीर केले की साधे चिंचोके आजपासून रद्द. यापुढे चिंचोक्यावर लाल लाख आणि लाखेवर माझ्या अंगठीचा शिक्का. (अंगठी म्हणजे तीच, 'म' कोरलेली, तुम्ही लग्नात माझ्या बोटात घातलीत ती. त्याच वेळी कानात सांगितले होते, "जवाईबुवा, उपाशी राहा, पण कोणाले जामीन राहू नका." तो उपदेश मी आजवर पाळला आहे.) झाले, पुन्हा वाचन सुरू. पण एका आठवड्यात चार पोरांनी मला एकाच पुस्तकाची गोष्ट सांगितली आणि चौघांच्याही गोष्टीत शेवटी राजा राणीची माफी मागून विहिरीवरून पाणी आणून देतो. मला संशय आला म्हणून पुस्तक उघडले, तर त्यात राणी मरते. (पुस्तक मी आधी वाचलेले नव्हते, हे आपल्या दोघांत राहू द्यावे.) चौकशी केली तेव्हा कळले की सहावीतली गोपिका पुस्तक वाचते आणि टाकीमागे बसून एका चिक्कीच्या बोलीवर गोष्ट विकते. शेवट तिला पसंत नव्हता म्हणून माल दुरुस्त करून विकला. तिला रागवावे म्हणून बोलावले, पण तिचा शेवट मूळ पुस्तकापेक्षा मलाही बरा वाटत होता, त्यामुळे रागावणे जमले नाही.

इथवर ठीक होते. पण शिक्क्याचे चिंचोके वाटपापेक्षा जास्त परत येऊ लागले. मी शाळाभर डोळे फाडून फिरलो आणि चोर घरीच सापडला. सांगताना जीभ जड होते, पण तुमचाच नातू. मी आंघोळीला जाताना अंगठी साबणाच्या कोनाड्यात ठेवतो. तेवढ्या वेळात चंपत स्वयंपाकघरात लाख वितळवून टाकसाळ चालवत होता. धान्याच्या कोठीमागे चिंचोक्यांनी भरलेला डालड्याचा डबा निघाला. मी कान धरला तर म्हणतो, "अंगठी आबाजीची, चिंचोके आबाजीचे, अन मी बी आबाजीचाच. यात तुमचं काय गेलं?" मामाजी, वारसाहक्काचा असा सरळ वापर मी आजवर पाहिला नव्हता. हा मुलगा वकील होईल किंवा दुसरे काही, पण उपाशी राहणार नाही.

आता काय करावे? खरे खोटे निवडणे अशक्य, कारण शिक्का दोन्हीवर खराच. बँक बुडवावी तर ज्यांनी प्रामाणिकपणे वाचले त्यांचे बुडणार, आणि वाचणारा नेहमी फसतो एवढा एकच धडा पोरे घरी नेणार. दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. शेवटी आठवले की मागे सरकारने काळा पैसा आपणहून कबूल करणाऱ्यांना सवलत दिली होती. मीही दिली. ज्याच्याकडे जे चिंचोके असतील ते त्याने आणावेत, कुठून आले ते मी विचारणार नाही. प्रत्येक चिंचोक्यामागे एक पुस्तक सांगावे, की मी त्यावर चुन्याचा पांढरा ठिपका देईन. ठिपक्याशिवाय वर्षअखेर माल नाही. ज्यांनी खरेच वाचले होते त्यांचे काम पाच मिनिटांत झाले. मात्र ज्याच्याकडे खोटा माल जास्त, त्याला वाचायलाही जास्त. मग काय विचारता! जी पोरे जन्मात पुस्तकाला शिवली नव्हती ती रांग लावून वाचू लागली. चंपतचा तर डबाभर माल. तो जेवताना वाचतो, संडासातून हाक मारली तर म्हणतो एवढं पान होऊ द्या. परवा तो झोपेत कोण्या बेटावर अडकला होता आणि जहाज येईना म्हणून रडत होता. गोपिकेचे दुकानही बसले, कारण आता मी गोष्टीचा खरा शेवट विचारतो. (हो, मीही सगळी पुस्तके वाचून काढली. इलाज नव्हता.)

शाळेच्या शेवटच्या दिवशी ठिपक्यांचे चिंचोके घेऊन सारी शाळा माझ्या दुकानापुढे उभी. दुकानात दोन संत्री आणि एक मोडकी पट्टी. खसच्या ताट्यांचे पैसे केव्हाच संपलेले. सगळ्यांत पुढे गोपिका होती. तिने चिंचोके टेबलावर ठेवले, दुकानाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, पेन्सिल नाई तं नाई. मले थे राणीचं पुस्तक घरी नेऊ द्या. उन्हाळाभर."

पुस्तक शाळेबाहेर जायचे नाही, हा गणपतरावांचा पहिला नियम. पण गणपतराव त्या दिवशी शिक्षण कार्यालयात गेलेले. मी पुस्तक तिच्या हातात दिले. मागच्याने दुसरे मागितले, त्याच्या मागच्याने तिसरे. संत्र्यांकडे कोणी बघेना. खरे सांगतो, माझे डोळे भरून आले आणि चष्मा पुसण्याच्या नादात कोण काय नेते ते बघायचे राहिले. तासाभरात कपाट रिकामे. गणपतराव आले, त्यांनी कपाट उघडले, बराच वेळ आत पाहिले. मग माझ्याकडून किल्ली घेतली, रिकाम्या कपाटाला कुलूप लावले आणि ते नीट लागले की नाही हे दोनदा ओढून पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जूनमध्ये सगळी पुस्तके परत आली तर किल्ली कायमची माझी. एक जरी कमी आले तर कपाट पुन्हा उघडणार नाही. शिवाय आणखी एक किरकोळ अट आहे, तिचे विशेष नाही.

पुस्तके येतीलच. मला पोरांची खात्री आहे. चंपत शनिवारच्या एसटीने येतो आहे, त्याच्याजवळ तीन पुस्तके आहेत, ती विहिरीत पडणार नाहीत एवढे बघावे. उन्हात हिंडू नये. मामीजींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक
मनोहर

ता. क. ती किरकोळ अट सांगायची राहिली. पुस्तकांच्या किमतीला शेतीवाडी असलेला एक जामीन हवा, असे गणपतराव म्हणतात. मी तुमचे नाव दिले आहे. कागद सोबत जोडला आहे, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे.

ता. ता. क. तुमचा उपदेश मी विसरलेलो नाही. पण मामाजी, चिंच तुमची, अंगठी तुमची, नातू तुमचा. माझे त्यात काय होते? फक्त चुना. तेव्हा सगळ्या दृष्टीने विचार करता अर्धे जामीन तर तुम्ही आधीच आहात. पंधरा तारखेच्या आत कागद यावा.

बाबा, पत्र पेटीत टाकायले यायनं माझ्याजवळ देलं म्हणून खाली लिहून राहिली. सही करून टाका, हे दोन दिवसापासून जेवून नाई राहिले नीट. लाख वितळवायले चंपतले चूल मीच देली होती, त्याले रागावू नका. दुसरं म्हंजे, त्या दिवशी मी यायचा डबा घेऊन शाळेत गेली होती. चिंच मी फोडली, चिंचोके मी वेचले, मंग एक पुस्तक मीनं बी घेतलं. हे चष्मा पुसत होते, त्यायले दिसलं नाई. मोठं हाय पुस्तक. सैपाक आवरला की दोन पानं होतात, तीन बी होतात कधी. आईले म्हणा, आली की पुरी कहानी सांगन. पण जूनपावतर संपत नाई असं दिसते, अन अर्धं ठेवून मी काही देत नाई. तवा सही करताना एक पुस्तक कमी धरा. यायले सांगू नका.

तुमची शामला