आईला भरवणाऱ्या तिघी

मलांग, जावा,
३० जानेवारी १९९६

प्रिय ताई,

सलाम. तू बरी असशील, भावोजींचा खोकलाही एव्हाना थांबला असेल. इकडचं म्हणशील तर आहोत तसे आहोत. रोजे सुरू झाले म्हणून शाळेला पहिले काही दिवस सुट्टी होती. तेवढीच पाठ टेकता येईल म्हटलं होतं, पण कसलं काय! आई दिवसातून दहादा विचारते, "वुरी कधी येणार?" तिची जीभ अजून जड आहे, पण तुझं नाव अगदी स्पष्ट येतं. मला मात्र ती 'ए' म्हणते. चालायचंच. उशाशी बसलेल्याला नाव कशाला लागतं?

फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, म्हणून हे पत्र.

आईला सांभाळणाऱ्या होतिजाला कामावरून काढलं असं मी सांगितल्याबरोबर तू म्हणालीस, "सांगत होते की नाही? त्या मादुरा बेटावरच्यांची जातच तशी. परत त्यातली बाई घरात दिसली ना, तर ईदला मी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही." आणि मी नुसतं 'हं' म्हटलं. वाद घालायला अंगात त्राणच नव्हतं गं. पण तो 'हं' तेव्हापासून घशात अडकून बसलाय. तू त्याचा अर्थ 'ताई म्हणते ते खरं' असा घेतला असणार. मीही तुझ्या जागी असते तर तोच घेतला असता.

तर आता नीट ऐक. होतिजा मला आवडायची. आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं आज काय शिजलंय. आईला म्हणायची, "ए म्हातारे, तोंड उघड, नाहीतर तुझी पेज मीच गिळते!" आपल्या आईला, जिच्याशी बाबांनीसुद्धा कधी अगं-तुगं केलं नाही! पहिल्या दिवशी मला घाम फुटला. पण आई हसली, ताई. अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदा हसली.

पण तिच्याच्यानं आईला 'नाही' म्हणवत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आईला नीट गिळता येत नाही, ताठ बसवूनच भरवा, पातळ पेजच द्या. आईनं डोळ्यांत पाणी आणून मागितलं की हिचं काळीज विरघळायचं. एकदा केळ्याची भजी देताना मी पकडली. समजावलं, रागावले, तिनं अल्लाची शपथ घेतली. नंतर एक दिवस शाळेतून लवकर आले तर आई निळी पडलेली. घशात सोयाबीनच्या तळलेल्या तेंपेचा तुकडा. मी बोट घालून काढला. होतिजा कोपऱ्यात बसून छाती बडवत होती.

त्याच संध्याकाळी मी तिला जायला सांगितलं. गाठोडं बांधताना म्हणाली, "मी मादुराची, म्हणूनच ना, बाई?"

"नाही गं," मी म्हटलं, "तू तेंपे दिलास म्हणून."

"सगळे असंच काहीतरी कारण सांगतात," म्हणाली आणि गेली. तिचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? आजवर तिला जिथून जिथून हाकललं असेल, तिथेही कुणीतरी असंच चांगलंसं कारण सांगितलं असणार. माझं कारण खरं होतं, पण ते तिला मी पटवू शकले नाही. आणि वर तुझा फोन आला, तर तूही माझ्या कारणाला हातच लावला नाहीस.

आता दुसरं. हे मी तुला सांगणारच नव्हते.

होतिजाच्या आधीच्या लेस्तारीबाई आपल्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या असं मी तुला कळवलं होतं. थाप होती ती. त्यांनाही मीच काढलं. आईच्या पाठीला, कमरेच्या वर, जखम झाली होती. झोपून झोपून होते ती. चादर उचलली आणि वासानं मागे सरले. लेस्तारीबाई तिला कुशीवर वळवतच नव्हत्या. पण बोलणं कसं, साखरेत घोळलेलं! "आपण दोन घास घ्यावेत, माईसाहेब." समोरून जाताना कंबरेत वाकायच्या. तू राजवाड्यांच्या सोलो शहरातून शोधून आणलेली बाई, खानदानी वळणाची. मी रोज बाहेरच्या खोलीत वह्या तपासत ते गोड बोलणं ऐकायची आणि निश्चिंत व्हायची. चादर उचलून बघावी असं मनातसुद्धा आलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे माझीच मला लाज वाटत होती.

ताई, लेस्तारीबाई चुकल्या तेव्हा आपली जावाची माणसंच अशी, असं मला क्षणभरही वाटलं नाही. बाई आळशी निघाली, एवढंच वाटलं. तुलाही तेवढंच वाटलं असतं. मग होतिजा चुकली तर अख्खं बेट कसं चुकलं गं? तू म्हणशील, मास्तरीण शिकवायला लागली. शिकवत नाहीये. मला फक्त आईला नीट भरवणारी बाई हवी आहे, आणि या दोन्ही वेळी आपण नको तिकडे बघत बसलो.

तिसरी बाई आली आहे. नाव मिस्नाती. हो, तिकडचीच. होतिजाच्याच गावची, तिनंच पाठवलेली. तू पत्र इथेच फाडणार असशील तर थोडं थांब.

मी डोळे मिटून ठेवलेली नाही तिला. सुट्टीभर जवळ बसून पाहिलं. आईला आधी उठवून बसवते, घास गिळला की तोंड उघडायला लावून बघते, मगच पुढचा चमचा. कुशीवर वळवते. जखम सुकत चालली आहे. आईनं रडून तेंपे मागितला तर म्हणते, "रड. रडून कुणी मरत नाही." आईला ती मुळीच आवडत नाही. खरं सांगू, मलाही फारशी नाही. तोंडानं फटकळ, भांडी आपटते, मीठ जास्त घालते, एक म्हटलं तर चार ऐकवते. यातलं काही आईच्या जिवावर बेतलं तर तिलाही जायला सांगेन. आत्ता मी हे लिहितेय आणि आत ती आईवर ओरडतेय, मान सरळ धर म्हणून.

शेवटच्या रोज्यांना मिस्नाती तिच्या पोरांकडे, बेटावर जाईल. म्हणजे ईदला तू आलीस तर तुला ती दिसणारही नाही. मी गप्प बसले असते तर तुला कळलंही नसतं. मनात आलं होतं, खोटं नाही सांगत. आई तुझी वाट बघते आणि पुढची ईद ती बघेल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण पुन्हा एकदा चादरीखाली काही झाकून ठेवायची ताकद माझ्यात उरली नाही.

तर ये. नक्की ये. फक्त मिस्नाती जायच्या दोन दिवस आधी ये, ती घरात असताना. तिच्या शेजारी बस आणि आईला कसं भरवायचं ते बघून घे, कारण ईदच्या गर्दीत मला एकटीला सगळं झेपणार नाही. ते जमणार नसेल तर ईदच्या दिवशीच ये, आईच्या पायांवर डोकं ठेव, पोटभर रड, तिला तुझ्या हातचा शेला पांघरव. पण तिला भरवायला मी तुला देणार नाही. तू कुठली, कुणाची, याच्याशी त्याचा काही संबंध नाही, ताई. तुला ते येत नाही, म्हणून.

दमलेली,
तुझीच तिनी