कंबर आवळलेला तारा

प्रिय तरन्नुम बेटा,

परवा फोनवर तू म्हणालीस की पीएचडी सोडते, पुणं सोडते आणि सिरसाळ्याला तुमच्याजवळ येऊन राहते. तेव्हा मी घाईनं फोन ठेवला, म्हणून आता लिहितोय. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली, अब्बा एकटे पडले, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय. पण पाच वर्षांची मेहनत माझ्या भाकरीपायी सोडायची? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?

तू ज्या ताऱ्याचा अभ्यास करतेस त्याचा तू दिलेला फोटो दुकानात कॉम्प्रेसरच्या वर लावलाय. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक हटकून विचारतं, हे डमरू कशाचं? मग मी टायर बाजूला ठेवून समजावत बसतो. म्हातारा तारा मरताना अंगावरचा वायू बाहेर टाकतो. तो खरं तर गोल फुगायला पाहिजे. पण अगदी जवळ दुसरा तारा फिरत असला, तर म्हाताऱ्याच्या कंबरेभोवती धुळीचं कडं जमतं आणि वायूला दोनच वाटा उरतात, एक वर, एक खाली. सेकंदाला शंभर-शंभर किलोमीटर पळतो, पण इतका लांब हाय की तो सरकलेला दिसायला तुला दहा वर्षांच्या अंतराचे दोन फोटो लागतात. बरोबर सांगतो ना?

भारत चहावाल्याला हे काही पटेना. मग मी व्हॉलीबॉलच्या आतल्या जुन्या रबरी ब्लॅडरला मधोमध ट्यूबची पट्टी आवळली आणि हवा भरली. दोन्हीकडून अस्सं फुगलं! तुला फोटो पाठवावा म्हणून मोबाइल शोधत बसलो आणि हवा बंद करायची राहून गेली. तीस वर्षं हवा भरतोय मी, आणि ब्लॅडर फोडलं! भारत दचकला, त्याची किटली उलटली. लई हसलो आम्ही.

तो दुसरा तारा बऱ्याचदा दिसतच न्हाई, म्हाताऱ्याच्या वायूच्या आकारावरून ओळखावा लागतो, असं तू ईदला सांगितलं होतंस. ते मला फार आवडलं.

बाकी मी मजेत हाय. चहा-बिस्किटावर जेवण भागवणं बंद झालंय. साखर दर महिन्याला तपासतो, कमी आलीय. शर्टाची बटणं जागच्या जागी हायत. दाढीला मेंदी लावतो. भारत चिडवतो, चिडवू दे.

आता खरं सांगतो, फोनवर लाज वाटली. आपल्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवते ती नांदूरघाटची शाहीन, तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली. आम्ही निकाह करावा म्हणतोय. तुझ्या अम्मीची आठवण मला रोज येते, शाहीनला ते ठाऊक हाय, आणि तिलाही तिच्या माणसाची येते. मी तिला सांगून ठेवलंय, माझी पोर हो म्हणाली तरच. तू न्हाई म्हणालीस तर मी रुसणार न्हाई, पण तरीही अभ्यास सोडू नकोस. आणि हो म्हणालीस, तर पुढच्या जुम्म्याला ये, दोन दिवस राहा, पोटभर जेव. फक्त परतीचं तिकीट आधी काढ.

तुझाच, जरा घाबरलेला,
अब्बा