बाल्कनी समितीच्या कक्षेत येत नाही

३ फेब्रुवारी
कॉलनीची बाग धूरमुक्त करण्याच्या समितीचा अध्यक्ष झालो. एकमताने. (दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.) हिचा खोकला त्या बागेतूनच घरात येतो. बाकांवरच्या सिगरेटी बंद झाल्या की हिला मोकळा श्वास घेता येईल. मीही सोडणार. एक तारखेपासून.

७ फेब्रुवारी
डॉक्टरांनी हिला विचारलं, घरात कोणी ओढतं का? ही माझ्याकडे न बघता नाही म्हणाली. म्हणजे मी बाल्कनीत ओढतो ती हीसुद्धा धरत नाही! उगाच मनाला लावून घेत होतो.

१६ फेब्रुवारी, सकाळी
वॉचमनला बागेत बिडी ओढताना पकडलं. चांगलं फैलावर घेतलं. म्हणाला, साहेब, तुमच्याही खिशात पाकीट दिसतंय. म्हटलं, पेटलेलं दिसतंय का? राग जाईना म्हणून घरी येऊन बाल्कनीत दोन ओढल्या.
ही म्हणाली, निदान दार तरी लावून घ्या हो. दार लावलं की आतला फोन ऐकू येत नाही. समितीचे फोन असतात.

१ मार्च
सोडणार होतो. पण बागेत लावायच्या बोर्डाचा मजकूर आजच द्यायचा होता, डोकं चालायला नको? ‘तुमच्या धुराने कुणाचा तरी श्वास अडकतो.’ झकास जमलं. तीन लागल्या.
ही हल्ली तीन उशा रचून बसल्या बसल्या झोपते. बोर्ड लागू दे, एक एक उशी कमी होईल.

९ मार्च
लेक येऊन आईला घेऊन गेली. आठच दिवस. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. प्रवासाने दमली असणार.

२२ मार्च
आठाचे तेरा झाले. घर खायला उठतं.
माळी विचारत होता, बाई कुठे गेल्या? रोज दुपारी बाकावर येऊन बसायच्या. शेजारी कोणी ओढत असलं तरी उठायच्या नाहीत. म्हणायच्या, घरापेक्षा इथे बरं.
झाडं आहेत ना तिथे. म्हणून.

५ एप्रिल
बोर्ड लागला. टाळ्या झाल्या. तिथूनच हिला फोन केला, बाग स्वच्छ झाली, आता ये. ही म्हणाली, इथे मला एकच उशी पुरते हो.
मी म्हटलं, अगं, पण बाग... तिनेच हळूच फोन ठेवला.

५ एप्रिल, संध्याकाळी
बाल्कनीत एक पेटवली. आज आठवणीने दार घट्ट लावून घेतलं. आत पलंगावर तिच्या तीन उशा तशाच रचलेल्या आहेत.