कागदावरची काळी झाक

मी, खाली सही करणारी, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आणि एका वीज उपकेंद्रातल्या ऑपरेटरची विधवा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. फुप्फुसे थकली आहेत, डोके शाबूत आहे. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. आणणारे माणूस घरात उरलेलेही नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. न्हाणीघराची कडी जरा उचलून मगच सरकवावी लागते, हे जावयांना पुन्हा सांगावे. ते दर वेळी आत अडकतात.

२. मागच्या खोलीतली भट्टी आणि बंद बाटल्या माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेला द्याव्यात. प्रत्येक बाटलीत तेल आहे आणि कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात असते तशीच. बाटली बंद ठेवून तापवायची आणि तपासायची तेव्हाच उघडायची. मध्येच हवा लागली की बाद. लेकीने एकदा साफसफाईच्या उत्साहात बुचे काढून वास घेतला आणि माझा अख्खा हिवाळा पाण्यात गेला. ती रडली, मग मीही रडले. ते मी केव्हाच विसरले आहे, तिनेही विसरावे.

३. प्रबंध सादर झाला आहे, तोंडी परीक्षा बाकी आहे. तोवर मी टिकेन असे वाटत नाही. मी डॉक्टर होण्याआधी डॉक्टरांनीच हात टेकले. तेव्हा दारावरच्या पाटीत काही बदल करू नये. प्रबंधाची घरची प्रत लेकीकडे राहावी. प्रबंधाच्या पहिल्या पानावर ह्यांचे, माझ्या यजमानांचे, नाव घालायला सर तयार नव्हते. "बाई, घरचं दुःख प्रबंधात कशाला?" म्हणाले. मी म्हटले, "सर, दुःख नसतं तर या वयात तेल तापवत कोण बसलं असतं?" नाव राहिले.

४. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला, पण ठेवू दिले. माझे यजमान पाळीवर असताना ट्रान्सफॉर्मर फुटला आणि ते गेले. तेलाच्या सगळ्या चाचण्या चांगल्या आल्या होत्या, म्हणून चौकशी अहवालात ऑपरेटरचा हलगर्जीपणा असे कारण लिहिले गेले. पुढे त्याच तेलाने भरलेला जोडीचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीसाठी उघडला, तेव्हा त्यातला कागद मी मागून आणला. त्यावर काळी झाक होती. तेलातल्या गंधकाने तांबे खाल्ले होते आणि त्याचा थर कागदावर बसला होता. असा कागद वीज अडवत नाही, आणि नेहमीच्या चाचणीत हे दिसत नाही. माझ्या बाटल्यांतही तेच घडले. डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसालाही ते कळले नसते, आणि हे पाळीवर तसेच बसायचे. ह्यांची काही चूक नव्हती. मला ह्यांची फार आठवण येते.

५. माझ्या धाकट्या दिरांना मी काहीही ठेवलेले नाही. ते त्याच कंपनीत होते आणि त्या अहवालाखाली त्यांचीही सही आहे. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. परवा ते दवाखान्यात येऊन माझ्या पायाशी बसले. "वहिनी, मी वाचलंच नव्हतं. दादा गेलेला, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सही करा म्हणाले, केली." राग अजून आहे. तो कोणाच्या नावे करता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असेही त्याच म्हणाल्या. ह्यांचे मनगटी घड्याळ भाऊजींना द्यावे असे मनात होते, ते म्हणूनच लेकीला दिले. भाऊजींकडून मला साक्षीदाराची सही हवी आहे. त्यांच्याने झाले नाही, तर वकीलबाईंच्या कारकुनाला बोलवावे आणि भाऊजींना कोणी टोचून बोलू नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि आता नवे करायला सवड नाही. हेच अखेरचे धरावे.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर, उजेड इथेच बरा आहे.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिल्या: (सही) शेजारीण, निवृत्त परिचारिका. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार दुसरे: (सही) ऑपरेटरचा धाकटा भाऊ. कलम चार दोनदा वाचले. मग सही केली.