दुधनाकाठच्या द्राक्षमळ्याची निरवानिरव

श्री तुळजाभवानी प्रसन्न

लिहून ठेवणार तुळजाबाई भ्रतार बद्रीनाथ कोलते, वय अंदाजे बासष्ट, धंदा शेती, राहणार मौजे बदनापूर, तालुका जालना, जिल्हा औरंगाबाद. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाचाही दाब नसताना, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. यजमानांचे नाव उखाण्यापलीकडे मी कधी तोंडाने घेतले नाही. पण कागदाला नाव लागते, म्हणून लिहिले. हे अक्षरही त्यांनीच शिकवलेले आहे.

"पूर्ण शुद्धीत" या शब्दांवर माझा भर आहे. माझ्या दिराचा मुलगा रामकिसन याने गावभर सांगितले आहे की काकी पिते, काकीचे डोके ठिकाणावर नाही, तिच्या सहीला काही किंमत नाही. म्हणून रामराव वकील जालन्याहून येताना डॉक्टरांना बरोबर घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, चार प्रश्न विचारले आणि दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. मी पिते हे खरे. डोके ठिकाणावर आहे हेही खरे.

कलम पहिले. गावातले राहते घर वडिलोपार्जित आहे. ते कायद्याने रामकिसनकडेच जाते. मला ते देण्याचा अधिकार नाही आणि अडवण्याची इच्छा नाही. परसातल्या कडुलिंबाची फांदी घराच्या धाब्यावर येते, ती दर साल छाटावी. गौरी जेवणाच्या दिवशी त्याने मला बायकांच्या पंगतीतून उठवून ओसरीवर पान वाढले होते. मी ते जेवले. पुरणात वेलदोडा जास्त झाला होता, एवढेच येथे नमूद करते.

कलम दुसरे. माझी नथ आणि जरीचे लुगडे परतूरला दिलेली माझी धाकटी बहीण झुंबरबाई हिला द्यावे. ती एकदा माझ्याकडे आली असता माझ्या पेल्यातला एक घोट घेऊन म्हणाली, "अगं, हे तर चिंचेचं पाणी! यासाठी बदनामी करून घेऊन राह्यलीस व्हय?" पण घोट घेतला तो तिनेच. बाकी नातलगांत कोणी घेतला नाही.

कलम तिसरे मळ्याचे आहे. ते सांगण्याआधी मळा कसा झाला हे सांगणे भाग आहे. वकील म्हणाले, "तुळजाबाई, मृत्युपत्रात एवढी हकीकत लागत नाही." मी म्हणाले, "मग लोक आपली हकीकत लावतील. माझी असू द्या."

यजमान कापसाचे दलाल होते. हंगामात जालन्याला परदेशी खरेदीदार येत, त्यांत स्ताव्रो नावाचे एक ग्रीक साहेब होते. मोडके हिंदुस्थानी बोलत, आणि कापूस पाहताना आधी मुठीत धरून वास घेत. त्यांना यजमान आवडले, कारण यजमानही तसेच करीत. एका वर्षी साहेब आमच्या घरी जेवायला आले आणि पेंढ्यात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले. म्हणाले, "हमारा टापू का है. सफेद अंगूर. वहाँ बेल खड़ा नहीं रहता, हवा बहुत. जमीन पर टोकरी जैसा लपेटते हैं."

बाटली आम्ही पोहऱ्यात घालून विहिरीत सोडली. उन्हे कलली तशी वर काढली. साहेबांनी काचेचे पेले बरोबर आणले होते. यजमानांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मी आत भाकरी थापत होते. त्यांनी हाक मारली, "तुळजा, हिकडं ये. हे जरा जिभेवर धर, गिळू नको."

घरच्या बाईने साहेबासमोर येऊन दारू प्यायची, असे आमच्याकडे कधी झाले नव्हते. मी पीठ लागलेल्या हाताने पेला घेतला. आधी लिंबाची साल लागली. मग ओला दगड. मग सगळे ओसरले आणि मागे मीठ राहिले, घामाचे असते तसे, पण स्वच्छ.

"खारट हाय," मी म्हणाले.

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "समुंदर!" म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. यजमान मनमाडच्या पुढे गेले नव्हते आणि मी जालन्याच्या. पण त्या दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या समोरचे ज्वारीचे रान मला हलताना दिसले, आणि ते पाणीच आहे असे वाटत राहिले. चढल्यामुळे नव्हे. एका घोटाने कोणाला चढत नाही.

तेथून छंद लागला. जालन्याच्या छावणीत एका पारशाचे दुकान होते. बड्या लोकांना हव्या असलेल्या नावाजलेल्या बाटल्या तो पुढे मांडी. ज्यांना कोणी विचारत नसे त्या मागे धूळ खात पडत. यजमान त्याच मागत. पारशी म्हणे, "कोलते, आ कोई पीतुं नथी." यजमान म्हणत, "म्हणूनच द्या."

अशा पुष्कळ आल्या. हंगेरी नावाच्या मुलुखातली एक, जिचे नाव पारशाच्या म्हणण्याप्रमाणे एका झाडाच्या पानावरून होते. तिला मोहाच्या फुलांचा वास होता आणि गिळल्यावर मधाची कडवट चव राही. डोंगराळ मुलुखातली एक इतकी फिकी की यजमान म्हणाले, "पारशानं पाणी दिलं." दुसऱ्या घोटाला त्यात ओढ्यातली गारगोटी लागली, तिसऱ्याला नुकते धारोष्ण दूध. एक राळेची होती, ती पिताना देवळात धूप घातल्यासारखे झाले. एकीला कोऱ्या मांजरपाटाचा वास आला. वेष्टनावरची अक्षरे आम्हाला येत नव्हती, म्हणून आम्ही त्यांना आमची नावे ठेवली: मोहवाली, गारगोटी, देऊळ. उन्हे कलली की ओसरीवर बसायचे, एक पेला त्यांचा, एक माझा, आणि घोटाघोटाने कुठे कुठे जाऊन यायचे. आम्हाला मूल झाले नाही. त्या ओसरीवर मात्र कधी रिकामे वाटले नाही.

मग यजमानांना विषमज्वर झाला. जिवावरचे टळले, पण उठले तेव्हा नाक गेले होते. कापूस हुंगला, काही नाही. कांदा फोडून नाकाशी धरला, काही नाही. दलाली चालली, कारण हात शाबूत होते. पण बाटली आणणे त्यांनी बंद केले. पेले कोनाड्यात पालथे पडले.

वर्षभराने मीच त्यांना म्हणाले, "औंदा पारशाकडं गेलाच न्हाईत."

"काय करू जाऊन? मला सगळं पाणीच लागून राह्यलंय."

"मंग मी पिते. तुम्हाला सांगते."

दुसऱ्या बाजाराला बाटली आली.

पहिल्यांदा मला सांगताच येईना. गोड आहे, आंबट आहे, एवढेच शब्द. ते चिडले. "आंबट कसलं? बोराचं का कैरीचं? कैरी झाडावरची का मिठातली?" मी पुन्हा घोट घेई, पुन्हा शोधी. हळूहळू जीभ बोलू लागली. मी म्हणायचे, तांब्याच्या हंड्यातले सकाळचे पाणी. मी म्हणायचे, उन्हात वाळलेले धोतर अंगाला लावल्यावर येते ते. ते डोळे मिटून ऐकत, मान हलवत, आणि मध्येच म्हणत, "थांब. आलं. आलं मला." खरोखर येत होते की नाही, मला माहीत नाही. मी मात्र जे लागले नाही ते कधी सांगितले नाही. वाईट असेल तर वाईट म्हणून सांगितले. रामकिसनने मला पिताना पाहिले ते याच दिवसांत. काकी पिते आणि काका समोर बसून बघतात, एवढेच त्याला दिसले. त्याला दोष देत नाही. दारातून तेवढेच दिसते.

पुढे मळा झाला. दुधनेच्या काठची ती जमीन मी माझ्या माहेरच्या पाटल्या व गोठ मोडून घेतली. पट्टा माझ्या नावावर आहे. ते माझे स्त्रीधन आहे व त्यावर कोलत्यांच्या कोणत्याही वारसाचा हक्क नाही, हे वकिलांनी ठळक लिहायला सांगितले. दौलताबादेहून बदरोद्दीन नावाचा माळी भोकरी जातीच्या पांढऱ्या द्राक्षाच्या काड्या घेऊन आला आणि बायको जुबेदासह मळ्यातच राहिला. ग्रीक साहेबांच्या बेटावर वेल टोपलीसारखा जमिनीवर गुंडाळतात हे सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला. "काकी, आपल्याकडं तसं केलं तर कोल्ह्यांची दावत!"

लढाई लागली, साहेब मायदेशी गेले, बोटी बंद झाल्या, पारशाची मागची फळीही रिकामी झाली. तेव्हा अबकारीकडून घरगुती परवाना काढून आम्ही आपल्याच द्राक्षांची करायला घेतली. पहिल्या वेळी ती फार आंबली, तिचा सिरका झाला. बदरोद्दीन आणि जुबेदा आमची वाईन कधी जिभेला लावत नाहीत, त्यांच्या धर्मात नाही. पण सिरका चालतो. जुबेदाने त्यात कांदे आणि मिरच्या घातल्या आणि सगळ्या गावाने मिटक्या मारून खाल्ल्या, रामकिसननेसुद्धा.

दुसऱ्या वेळची उतरली तेव्हा यजमान अंथरुणाला खिळले होते. मी पेला घेऊन उशाशी बसले. गढूळ होती. त्यांनी विचारले, "सांग."

मी घोट घेतला. त्यांचे डोळे माझ्यावर होते. म्हणाले, "आपली हाय म्हणून गोड बोलू नको, बरं."

"कच्च्या पेरूची साल," मी म्हणाले. "मंग ओली राख. वाईट झालीय."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तरी हसत होते. "बराबर," म्हणाले. "पुढच्या साली."

श्रावणात ते गेले. पुढच्या सालची चांगली उतरली. सोनचाफ्याच्या पाकळीचा रंग, नितळ. मी मळ्यात बाजेवर एकटीच पेला धरून बसले होते. चव आली, शब्दही आले, आणि सांगायला कोणी नव्हते. तेव्हा मला ते गेल्याचे खरे कळले. तोवर नुसते दिवस-कार्य चालले होते.

जुबेदा धुणे वाळत घालत होती. ती येऊन बाजेच्या पायाशी बसली. म्हणाली, "काकी, कैसी है? बोलो ना."

मी सांगितले. पिकलेल्या कवठाचा गर, बडीशेपेचे हिरवे दाणे, आणि शेवटी थोडी तुरट, जांभळाच्या बीसारखी. ती पदर हनुवटीशी धरून ऐकत होती. तेव्हापासून दर हंगामात मी पिते आणि ती ऐकते. कधी कधी तीच म्हणते, "गए साल तो बडीशेप बोले थे, काकी." तिच्या ध्यानात माझ्यापेक्षा जास्त राहते.

यंदा भाद्रपदात फौज येऊन राज्य पालटले तेव्हा काय झाले ते या मुलखात कोणाला सांगायला नको. आधी एकांची भीती होती, मग दुसऱ्यांची झाली. त्या दिवसांत जुबेदा आणि तिच्या मुली माझ्या माजघरात राहिल्या. बदरोद्दीन औरंगाबादेकडे नातलगांत गेला होता. तो जिवंत आहे की नाही हे आम्हाला कळत नव्हते. वेलांच्या छाटणीची वेळ झाली आणि टळू लागली. रामकिसन दारात येऊन म्हणाला, "काकी, ते आता येत न्हाई. मळा मी पाहतो."

मी म्हणाले, "तू घर पाहा. मळ्याचं मी पाहते." आणि मी स्वतः कात्री घेऊन गेले. मला छाटता येत नाही. पहिल्याच ओळीचा मी नाश केला. दिवाळीच्या तोंडावर बदरोद्दीन परत आला, वाळून काटकी झालेला. घरातही गेला नाही, आधी ती ओळ पाहिली. म्हणाला, "काकी, हे कोणी केलं?" मी म्हणाले, "मी." तो तिथेच बांधावर बसून रडला. का ते मी विचारले नाही.

म्हणून लिहिते: दुधनाकाठचा सदर मळा, त्यातली विहीर, मोट, झोपडी व वेलांसह, माझ्यामागे बदरोद्दीन वल्द नूरोद्दीन आणि त्याची बायको जुबेदा या दोघांना समाईक द्यावा. त्यांनी वाईन करावी अशी अट नाही. द्राक्षे विकावीत, सिरका करावा. वाईन माझ्याबरोबर संपली तरी चालेल, वेल राहावेत.

हे मी रामकिसनला समोर बसवून वाचून दाखवले. माझ्यामागे फोडलेला कागद मला नको होता. तो म्हणाला, "आपल्यातलं कोणी मिळालं न्हाई का तुला?"

मी म्हणाले, "इतक्या वर्षांत तू मला एकदा तरी विचारलंस का, काकी, काय पितेस, कसं लागतं?"

तो पायताण घालून निघाला, तो दारात थांबला. "कोर्टात जाणार न्हाई मी," म्हणाला. "पण बोलणार बी न्हाई तुझ्याशी." त्याच्या बापाचाही स्वभाव असाच सरळ होता. त्याचे बोलणे मी मान्य करते.

बदरोद्दीनने मात्र हात जोडले. "काकी, माझ्या नावावर नका लिहू. लोक कसे बघून राह्यले ते तुम्ही बघताय. आम्ही हैदराबादला जाऊ म्हणतो." मी आग्रह केला नाही. ज्याला जायचे त्याला जमीन देऊन बांधून ठेवणे बरे नाही. वकिलांना म्हणाले, आठ दिवस थांबा. तो राहणार नसेल तर हे कलम खोडू.

कलम चौथे. माझे क्रियाकर्म साधे करावे. तीर्थ म्हणून तोंडात गंगाजळच घालावे. उगाच कोणी प्रेमाने दुसरे काही घालू नये, भटजी बिचारे अडचणीत येतील.

कलम पाचवे. हे आज सकाळी वाढवले. सही करण्याआधी मी मळ्यात जाऊन आले. धुके होते, नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मी छाटून नासवलेल्या ओळीत बदरोद्दीन गुडघाभर खड्ड्यात उभा होता. जुबेदा ओल्या गोणपाटातून एकेक नवी काडी काढून त्याच्या हातात देत होती. भोकरीची काडी लावली की तिसऱ्या सालाशिवाय फळ दिसत नाही. मला पाहून तो थांबला नाही. माती पायाने दाबत राहिला.

कलम तिसरे कायम करावे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र वाचून, समजून, खाली सही केली.

तुळजाबाई भ्रतार बद्रीनाथ कोलते, दस्तुरखुद्द

साक्षीदार:
धर्मराज वल्द रखमाजी शिंगाडे, राहणार बदनापूर
शेख फकरोद्दीन वल्द शेख इमाम, शाळामास्तर, राहणार बदनापूर

मसुदा तपासणार: रामराव, वकील, जालना

मुक्काम बदनापूर, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, शके १८७०, फसली १३५८, तारीख ११ डिसेंबर १९४८